पोहणाऱ्याचा पंचनामा

वाळलेल्या भोपळ्याला देठाजवळ तडा गेला असेल, तर त्यातली हवा एकदम निघून जात नाही. ती बुडबुड्यांनी निघते, आणि बुडबुडे ठरावीक अंतराने येतात. माझ्या डाव्या कुशीला बांधलेल्या भोपळ्यातून दर चार सेकंदांना एक बुडबुडा येत होता. भोपळ्यात पाच लिटर हवा मावते आणि एका बुडबुड्यात सुपारीएवढी हवा जाते असं धरलं, तर भोपळा पूर्ण भरायला तासाच्या वर वेळ लागायला हवा. हे गणित मी मनात पुरं केलं आणि निश्चिंत झाले. सव्वा मिनिटात मी पाण्याखाली होते. पाणी शिरू लागलं की तडा वाढत जातो, हे मी धरलं नव्हतं.

झुंबरबाईने मला अंबाड्याला धरून वर काढलं. विहिरीच्या कठड्यावर आमच्या शाळेच्या आठवी ब मधल्या सात मुली ओळीने बसल्या होत्या. त्यांच्यासमोर झुंबरबाई म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्ही भोपळासुद्धा न्हाई. तुम्ही ढेकूळ हायत."

मी विहिरीत काय करत होते, ते सांगायला हवं. मी एक सरकारी दाखला मिळवत होते.

सत्याहत्तरच्या एप्रिलमध्ये मला गोव्याहून पत्र आलं. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या एका संस्थेत मी वर्षभरापूर्वी अर्ज केला होता. मुलाखतीसाठी औरंगाबादला जाऊन आले होते आणि घरी शिक्षकांचं शिबिर असल्याचं सांगितलं होतं. पत्रात लिहिलं होतं की माझी निवड झाली आहे, काम बोटीवरून पाण्याचे नमुने गोळा करण्याचं आहे, पंधरा जूनला हजर व्हावं, आणि येताना पोहता येत असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणावा. दाखला नसल्यास नेमणूक यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल.

समुद्र मी पाहिलेला नव्हता. आमचं गाव वाटूर फाट्यापासून चार मैल आत. भरल्या ओढ्यातून बैलगाडी गेली की उठते, ती आमच्याकडची सर्वांत मोठी लाट. पण भौतिकशास्त्रात लाटांचं प्रकरण मी सहा वर्षं शिकवत होते. दरवर्षी फळ्यावर तीच वक्ररेषा काढायची, तिच्या शेंड्याला 'शृंग' आणि खोलगटाला 'गर्त' लिहायचं आणि मुलांना म्हणायचं की प्रत्यक्षात हे फार सुंदर दिसतं. ते वाक्य मी कुठल्या आधारावर म्हणते, हे एकदा तपासून पाहावं असं मला वाटू लागलं होतं.

घरात आई आणि मी, दोघीच. तिला हे सांगणं दाखला मिळवण्यापेक्षा अवघड होतं, म्हणून मी दाखल्यापासून सुरुवात केली.

एकदा सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पत्र आलं त्याच संध्याकाळी भाकरी मोडताना मी म्हणाले, "आई, तुला एक सांगायचं होतं."

"सांग की. आधी माझं ऐक," आई म्हणाली. "पुढच्या साली न्हाणीत फरशी टाकून घेऊ. तुझ्या पायाला रोज चिखल लागतो. बाई हायस तू शाळेतली."

"फरशी कुठली?" मी विचारलं.

"शहाबादी. बराबर चौकोनी. तुला काय सांगायचं होतं?"

"तेच. फरशीचंच," मी म्हणाले.

वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते. आईने खडी फोडून मला बी.एस्सी. केलं, आणि मला गावातल्याच हायस्कुलात जागा मिळाली तेव्हा तिने सबंध वस्तीत साखर वाटली होती. अशा माणसाला फरशीच्या मधोमध समुद्र कसा सांगायचा?

तालुक्याच्या कचेरीत मी सुट्टी काढून गेले. खिडकीतल्या कारकुनाने माझं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं आणि सहानुभूतीने मान हलवली.

"उत्पन्नाचा दाखला मिळतो. रहिवासाचा मिळतो. जातीचा मिळतो, हयातीचा मिळतो," तो म्हणाला. "पोहता येतं याचा न्हाई मिळत. बुडाल्याचा मिळतो."

"बुडाल्याचा नको," मी म्हणाले.

"मंग तलाठ्यापुढं पोहून दाखवा. दोन पंच घ्या, पंचनामा करा, शिक्का इथं मारून देतो. बिलकुल कायदेशीर." मग त्याला काही आठवलं. "पण बाई, त्याच्यासाठी आधी पोहता यायला लागतं."

ही अट रास्त होती.

हातात पाच आठवडे होते. कोणतीही गोष्ट आधी पुस्तकातून समजून घ्यावी असा माझा स्वभाव असल्यामुळे मी प्रथम स्वतःची घनता काढली. वजन वाटूरच्या कापसाच्या काट्यावर केलं, सत्तेचाळीस किलो. आकारमानासाठी घरातलं पिंप काठोकाठ भरून, श्वास रोखून त्यात बसले आणि बाहेर सांडलेलं पाणी परातीत धरून मोजलं. उत्तर समाधानकारक आलं. माझी घनता पाण्यापेक्षा दोन टक्क्यांनी कमी होती. म्हणजे मी तरंगणार होते, आणि माझा दोन टक्के भाग पाण्याच्या वर राहणार होता. दोन टक्के म्हणजे साधारण किती, हे आरशात पाहून ठरवलं. तो माझा अंबाडा होता. नाक त्यात येत नव्हतं.

सांडलेल्या पाण्यावरून आई दोन दिवस बोलली नाही. शास्त्रासाठी किती घागरी पाणी सांडावं याला तिच्या मते मर्यादा होती.

यानंतर मी हातापायांच्या हालचाली बाजेवर पालथी पडून करून पाहिल्या. दाराला कडी लावली होती, पण खिडकी राहिली. मी दुसऱ्या प्रकारचे हात मारत असताना आईने खिडकीतून पाहिलं, मागच्या दाराने आत आली आणि काही कळायच्या आत माझ्या नाकाला फोडलेला कांदा लावला. तिला फेफरं वाटलं होतं. तिच्यामागून शेजारच्या उषाबाई आल्या. आमच्या पोस्टमास्तरांच्या त्या पत्नी. टपाल फोडत नसत, पण पाकिटाच्या जाडीवरून त्यांना बरंच समजत असे.

"पोहायला शिकतेय," मी कांद्यातून म्हणाले. "व्यायाम म्हणून."

गावात एकदा व्यायाम म्हटलं की सल्ले मोफत मिळतात. उषाबाईंचं म्हणणं, अंगाला करडईचं तेल चोळलं की पाणी धरत नाही. आमचे मुख्याध्यापक गिरिधर सर म्हणाले, पोहणं हा विश्वासाचा प्रश्न आहे. त्यांनी तरुणपणी भर पुरातली दुधना दोनदा ओलांडली होती. सगळ्यांत जुना आणि खात्रीचा उपाय उषाबाईंनीच सांगितला. ओढ्याच्या पाण्यावर जो काळा किडा गरगर फिरतो, तो गुळाच्या खड्यात घालून जिवंत गिळायचा. तो पोटात फिरत राहतो आणि माणूस पाण्यात फिरत राहतं.

"किडा पोटात गेल्यावर पोहत नाही, उषाबाई," मी म्हणाले. "पचतो."

"तुम्ही शिकलेल्या बाया," त्या म्हणाल्या. "आधी गिळून तर बघा, मंग बोला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीत गूळ पाठवला. मी तो खडा भिंगाखाली धरून फोडला. आत सहा पायांचा, अंडाकृती, चकचकीत पंखांचा एक जीव होता आणि अजून चालू होता. त्याला मी ओढ्यात सोडून आले. पोहण्याची कला आम्हा दोघांपैकी त्याच्याकडे असलेली बरी.

शेवटी सगळे बोटं दाखवत होते ती झुंबरबाईकडे. झुंबरबाई साठीची होती. पाच गावांच्या विहिरींत घागर, बादली, पंपाच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह असं काहीही पडलं की तिला बोलावणं येई. कासोटा घट्ट मारून ती पायऱ्यांवरून अशी उतरायची जसं कुणी परसात जावं, आणि बुडी मारून मनात पन्नास मोजेपर्यंत वस्तू घेऊन वर यायची. शिकवायला ती तयार झाली, पण अटी सांगितल्या.

"चपला वरच्या पायरीला. उडी टाकायच्या आधी 'आले' म्हणायचं. दुसऱ्याच्या डोईवर उडी न्हाई. नवा माणूस शेवटी आत, पहिल्यांदा बाहेर. आणि काठावरून कुणी शिकवायचं न्हाई. काठावर बसून जे शिकवतं त्याला आम्ही काठी म्हणतो. कोरडं लाकूड."

तिच्या विहिरीत माणसांच्या जाती फक्त तिच्याच होत्या. भोपळे सोडल्यावर बुडतो तो भोपळा. गुडगुड आवाज करत तळाला जातो तो घागर. एकदा पाण्यात शिरला की निघत नाही, आणि पोहतही नाही, तो म्हैस. सगळ्यांत खाली ढेकूळ. ते पाण्यात पडलं की नुसतं बुडत नाही, विरघळतं. 'ढेकूळ' ही पदवी गेल्या दहा वर्षांत दोघांनाच मिळाली होती. एक एका लग्नाच्या वऱ्हाडातला नवरदेव, आणि दुसरी मी.

ही पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टीतल्या जादा तासाला आठवी ब मध्ये मी आर्किमिडीजचं तत्त्व घेत होते. "पदार्थ पाण्यात टाकला असता," मी म्हणाले आणि थांबले. कुणीही हसलं नाही. त्या सातही मुली मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होत्या. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आई मात्र रोज विहिरीवर यायची. माझं कोरडं लुगडं उराशी धरून कठड्यापासून दोन पावलं मागे उभी राहायची. तिचं माहेर धावड्याकडचं. तिच्या लहानपणी आमच्या लोकांनी विहिरीला हात लावायचा नसे. घागर खाली ठेवायची, लांब बसायचं, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. विहीर ही आईच्या मनात उतरायची जागा नव्हती, थांबायची होती. छप्पन सालानंतर तिने पुष्कळ गोष्टी सोडल्या. पावलांची ही सवय सुटली नाही. वस्तीतल्या आपल्याच आडावरसुद्धा ती आधी दोन पावलं थांबते, मग तिचं तिलाच आठवतं, मग पुढे होते.

"चांगुणा, पुढं ये की," झुंबरबाई पाण्यातून म्हणायची. "तुझी लेक विरघळून राह्यली, बघ तरी."

"दिसतंय मला हितून," आई म्हणायची.

"पोरीला कशाला पोहायला लागून राह्यलंय, म्हंते मी?"

"व्यायाम हाय तो," आई म्हणायची. एवढ्या गंभीरपणे की मला पाण्याखाली जावंसं वाटायचं. आणि त्या दिवसांत मी जायचेच.

तिसऱ्या आठवड्यात झुंबरबाईने तडा गेलेला भोपळा काढून घेतला आणि दुसरा दिलाच नाही. चौथ्या आठवड्यात मी विहिरीत एक फेरी मारली. पाणी नाकात गेलं, कानात गेलं, पण मी सगळी वरच होते. त्या संध्याकाळी मी आईला सांगायचंच असं ठरवून तिच्याजवळ जाऊन बसले. ती माझे केस पुसत होती.

"आई, मी पोहायला का शिकले माहीत आहे?"

"मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "तुला येतंय, बास. माझ्या आईला मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलंच नसतं, तुझी नात हिरीत पोहून राह्यली म्हणून." आणि पुन्हा केस पुसू लागली.

पुढचं वाक्य मी गिळलं. किडा गिळणं सोपं गेलं असतं.

तलाठी शरदचंद्र भाऊसाहेब हे नियमाने चालणारे तरुण गृहस्थ होते. विहिरीत माझ्या पाच फेऱ्या त्यांनी पाहिल्या आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

"बाई, शंभर फूट अंतर पोहल्याचं दाखवावं लागेल," ते म्हणाले.

"एका फेरीचे पन्नास फूट होतात. पाच फेऱ्या झाल्या."

"पण तुम्ही निघालात त्या पायरीवरून आणि पोचलात त्याच पायरीवर. अंतर कुठे कापलं? पंचनाम्यात काय लिहू, इथून इथपर्यंत?"

निघालेल्या जागी परत आल्यास विस्थापन शून्य असतं, हे मी स्वतःच दरवर्षी नववीला शिकवते. भाऊसाहेब आमच्याच शाळेचे विद्यार्थी नव्हते याचं त्या क्षणी मला वाईट वाटलं, कारण मग निदान त्यांचा अभिमान वाटला असता.

तेव्हा ठरलं की गावाबाहेरच्या पाझर तलावात सरळ रेषेत पोहायचं. हा तलाव दुष्काळात खोदला. आईने त्याची माती दोन वर्षं वाहिली होती. तलावाच्या मधोमध जायचं साधन एकच, झुंबरबाईची काहील. भावाचं गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा रस उकळायची ती आठ फुटी लोखंडी कढई तिने मागून आणली होती. फळीने वल्हवली की ती पुढे जायची आणि त्याहून जास्त गोल फिरायची.

मेच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी आठ वाजता आम्ही काठावर जमलो. तलाठी भाऊसाहेब. पंच म्हणून गिरिधर सर आणि झुंबरबाई. मी. अर्धं गाव काठावर होतं, म्हणजे झुंबरबाईच्या भाषेत सगळं सरपण. आईला कुणी बोलावलं नव्हतं. काहील पाण्यात ढकलली आणि सगळ्यांच्या आधी तीच आत जाऊन बसली.

"काकू, तुम्ही पंच नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"न्हाई," आई म्हणाली आणि हलली नाही.

झुंबरबाईने नियम सांगितले. "चपला काठावर. गुडघ्याला गुडघा लावून, तोंडं आत. जड माणूस माझ्यासमोर, म्हंजे सर तुम्ही. हात पाण्यात घालायचा न्हाई. देव दिसला तरी उभं राह्यचं न्हाई. आणि कुणी कुणाला ढेकूळ म्हणायचं न्हाई. भांड्यात बसलं की समदेच ढेकूळ."

"मी दुधना..." सर म्हणू लागले.

"गुडघा, सर," झुंबरबाई म्हणाली.

तलावाच्या मध्यावर पोचल्यावर भाऊसाहेबांनी कागद काढला. पोहण्याच्या पंचनाम्याचा छापील नमुना अस्तित्वात नव्हता. त्यांनी पोलीस पाटलाकडून पाण्यात बुडून मेलेल्याचा नमुना आणला होता आणि कॉपिंग पेन्सिलीने तो दुरुस्त करायला घेतला. 'मयताचे नाव' यातला 'मयताचे' खोडून त्यांनी 'पोहणाऱ्याचे' केलं आणि माझं नाव लिहिलं. 'मयत कोठे दिसून आले' यापुढे लिहिलं, 'तलावाच्या मध्यभागी, काहिलीत बसलेली'.

"आता दिशा," ते म्हणाले. "काहिलीपासून पूर्वेस, असं लिहितो. पूर्व कुठे?"

गिरिधर सरांनी बोट दाखवलं. भाऊसाहेब लिहीपर्यंत काहील फिरली आणि ते बोट पश्चिमेकडे गेलं.

"सर, नक्की सांगा."

"मी हललो नाही," सर म्हणाले. "पूर्व हलली."

असं तीनदा झालं. भाऊसाहेब नियमाचे माणूस. अंदाजाने लिहिणं त्यांना पटेना. गावातल्या देवळाचं शिखर दिसलं की दिशा कळेल म्हणून ते उभे राहिले.

पुढच्या गोष्टी फार थोड्या वेळात झाल्या. काहील भाऊसाहेबांकडे कलली. सर समोर असल्यामुळे वर गेले, मग खाली आले, आणि खाली आले ते काहिलीच्या बाहेर. काठावरून मोठा आवाज उठला. झुंबरबाईने एका हाताने सरांची कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताने काहिलीचा काठ. आईने भाऊसाहेबांना कमरेला मिठी मारून खाली बसवलं आणि तशीच धरून ठेवलं. सर पाण्यात ज्या प्रकारे हातपाय मारत होते, त्यावरून दुधनेला त्या काळात पूर किती आला असावा याचा मला अंदाज आला. आणि पंचनामा भाऊसाहेबांच्या हातातून सुटून, पाण्यावर अलगद बसून, वाऱ्याबरोबर निघाला होता.

तो कागद गेला तर दुसरा नमुना तालुक्याहून आणावा लागणार होता. त्याला आठ दिवस. मग शिक्का. मग पंधरा जून. एवढं मी मोजलं, आणि त्यानंतर काही मोजल्याचं मला आठवत नाही. 'आले' म्हणायचं राहून गेलं.

पाणी वरून कोमट आणि दोन हात खाली गार होतं. कागद माझ्यापुढे तेवढंच अंतर ठेवून चालला होता. तलावात बुडालेल्या एका बाभळीचा वाळका शेंडा वर होता, तिथे तो अडकला. मी त्या काट्यांना धरून दम घेतला. मागे वळून पाहिलं तर काहील बरीच लहान दिसत होती. कागद दातांत धरला आणि समोरच्या काठाकडे निघाले, कारण परत जाण्यापेक्षा तो जवळ होता. पायाला चिखल लागला तेव्हा मला प्रथम कळलं की मी पोहत आले होते.

काहील त्या काठाला लागायला पाव तास लागला, तोवर गावही बांधावरून फिरून तिथे आलं. गिरिधर सर पंचा गुंडाळून उन्हात बसले. कुणी त्यांच्याशी पुराचं बोललं नाही. कुणाला ढेकूळ न म्हणायचा झुंबरबाईचा नियम काठावर आल्यावरही पाळला गेला. कॉपिंग पेन्सिल ओली झाली की जांभळी होते, त्यामुळे माझे ओठ आणि हनुवटी जांभळी झाली होती. आई येऊन ते पदराने पुसू लागली.

"झालं, भाऊसाहेब," मी कागद पुढे केला. "शंभर फुटांच्या वर आहे."

भाऊसाहेबांनी कागद उन्हात धरला. त्यांचा चेहरा पडला होता. "बाई, खरं सांगू का. मी पाहिलंच नाही. आम्ही सगळे सरांकडे पाहत होतो." त्यांनी झुंबरबाईकडे पाहिलं.

"माझ्या हातात सर होते," झुंबरबाई म्हणाली. "मी काय बघणार?"

काठावरचं सगळं सरपणसुद्धा सरांकडेच पाहत होतं. मुख्याध्यापक पाण्यात पडण्याचा योग गावात वारंवार येत नाही. मी दोनशे फूट पोहले होते आणि शासनाच्या दृष्टीने मी कुठूनच कुठे गेले नव्हते.

"मी पाह्यलं," आई म्हणाली.

"काकू, नातेवाईक पंच चालत नाही."

"पंच कोण व्हतंय? तुम्ही इचारा, मी सांगते. भांड्यातून डाव्या अंगानं उडी टाकली. पह्यल्यांदा खाली गेली, अंबाडा दिसत होता. मंग वर आली. अकरा हात मारले, थांबली. पुन्हा सात. मंग मोजायचं सोडून दिलं मी, नुसतं पाहून राह्यले. बाभळीला धरलं, उजव्या हातानं. काटा लागला तिला, हात झटकला. कागद त्वांडात धरला. तिथून ह्या दगडापत्तर. एकदा बी खाली गेली न्हाई. माझी पापणी लवली न्हाई, भाऊसाहेब. माझ्या हातात तुम्ही होते, तरीबी न्हाई."

मी तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षं मी मुलांना निरीक्षण कसं लिहावं ते शिकवत होते.

भाऊसाहेबांनी पेन्सिल ओठाला लावली आणि नमुना पुन्हा वाचला. "याच्यात 'खबर देणार' असा एक रकाना आहे," ते हळूहळू म्हणाले. "खबर देणारा नातेवाईक चालतो. बहुधा नातेवाईकच असतो." आणि त्यांनी आईचं नाव पुरं विचारून लिहिलं, चांगुणाबाई, आणि तिचा अंगठा घेतला. पंचांनी सह्या केल्या. सरांनी ओल्या हाताने, पण मोठी. आता भाऊसाहेब उरलेले रकाने भराभर भरत होते. 'प्रेत पाण्यातून कोणी काढले' यातलं 'प्रेत' खोडून त्यांनी लिहिलं, 'स्वतः निघाली'. 'अंगावरील खुणा' यापुढे लिहिलं, 'उजव्या तळहातास काटा, ओठ जांभळे'.

शेवटचा रकाना 'मृत्यूचे कारण' असा होता. त्यांनी पहिला शब्द खोडला.

"कारण," ते म्हणाले. "बाई, दाखला कशासाठी पाहिजे?"

"व्यायाम," उषाबाई मागून म्हणाल्या.

"व्यायामाला दाखला लागत नाही. खरं कारण सांगा. हा कायमचा कागद आहे."

आईने माझा तळहात आपल्या हातात घेतला होता आणि नखाने काटा काढत होती. तिने तो काढला, उन्हात धरून पाहिला, टाकून दिला. हात मात्र सोडला नाही.

"सांग की त्यांना," ती वर न पाहता म्हणाली. "खोळंबून राह्यले ते."

भाऊसाहेबांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. पण मी त्यांच्याकडे वळले नाही.

"आई," मी म्हणाले, "मला गोव्याला नोकरी लागलीय. समुद्रावर, बोटीवर. पंधरा जूनला हजर व्हायचंय. मी जाणार आहे."